एका फॉन्टची चार नावं

आमच्या वाड्यावरच्या देवळाच्या कालोत्सवाची स्मरणिका मी घरीच जुळवतो. आठ पानं असतात. मधोमध नाटकाची श्रेयनामावली, मागे जाहिराती, आणि शेवटी 'समस्त गावकऱ्यांतर्फे' अशी निमंत्रणाची ओळ. दोन वर्षांपूर्वी अगदी शेवटच्या दिवशी एक जाहिरात वाढली. ती छापखान्यातच घालता यावी म्हणून मी पीडीएफ न पाठवता लिबरऑफिस या मजकूर जुळवायच्या प्रोग्राममधली मूळ फाइल पाठवली. तासाभराने फोन आला, की पानं नऊ झाली आहेत.

मी लगेच गेलो. पडद्यावर फॉन्टच्या चौकटीत नाव तेच होतं, अक्षरांचं वळणही तेच. पण ओळींमधलं अंतर वाढलं होतं, आणि 'गावकऱ्यांतर्फे' मोडून पडलं होतं. ऱ्याची डोळ्याच्या पापणीसारखी रेघ नाहीशी झाली होती. तिच्या जागी नुक्ता दिलेला र, त्याचा पाय मोडलेला, आणि शेजारी सुटा या. त्या मशीनवर कुणीतरी पूर्वी कधीतरी जालावरून उतरवलेली त्याच फॉन्टची जुनी आवृत्ती होती. माझ्या घरी लिनक्स या कार्यप्रणालीच्या पॅकेजमधून आलेली नवी. दोन्हींनी संगणकाला आपलं नाव एकच सांगितलं होतं.

तेव्हापासून मी फॉन्टच्या नावांकडे नीट पाहायला लागलो. त्या कामामागे किती विचार आहे, किती माणसांनी ते वर्षानुवर्षं सांभाळलं आहे, हे कळल्यावर ते इतरांनाही सांगावंसं वाटलं.

आधी पॅकेज म्हणजे काय ते पाहू. डेबियन, उबुंटू, फेडोरा यांना लिनक्सची वितरणं म्हणतात. हजारो जणांनी वेगवेगळ्या ठिकाणी लिहिलेले प्रोग्राम, फॉन्ट, शब्दकोश गोळा करून, तपासून, एकमेकांशी जुळतील असे करून देणं हे वितरणाचं काम. अशा एकेका गठ्ठ्याला पॅकेज म्हणतात. फॉन्टच्या पॅकेजमध्ये नुसत्या अक्षरांच्या फाइली नसतात. फॉन्ट कुणी केला, कोणत्या परवान्याखाली दिला, आवृत्ती कोणती, मूळ कुठून आणलं, नवी आवृत्ती निघाली की नाही हे कुठे पाहायचं, फाइली डिस्कवर कुठे ठेवायच्या, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. हे काम करणारे बहुतेक जण स्वयंसेवक असतात. आणि त्यांना पहिल्याच दिवशी ठरवावं लागतं, की या पॅकेजचं नाव काय ठेवायचं.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात नुसती मिरची कुणी मागत नाही. हरमलची मिरची मागतात, मयड्याची केळी, आगशीची वांगी. गाव आधी, वस्तू नंतर. गावाच्या नावातच चव, आकार आणि भाव कळतो. डेबियनने फॉन्टसाठी जवळजवळ हीच रीत घेतली आहे. 'फॉन्ट्स-एसआयएल-अन्नपूर्णा' या नावात पहिला शब्द सांगतो की हा फॉन्ट आहे, दुसरा तो कुठल्या ओतशाळेचा ते, तिसरा त्याचं स्वतःचं नाव. शिशाचे खिळे ओतणाऱ्या कारखान्याला ओतशाळा म्हणत. शिसं गेलं, पण फॉन्ट करणाऱ्या संस्थेला आजही इंग्रजीत त्याच अर्थाच्या शब्दाने ओळखतात. ओतशाळा प्रसिद्ध नसेल किंवा नावाने काही गोंधळ होत नसेल, तर तो मधला शब्द गाळला तरी चालतो. 'फॉन्ट्स-लोहित-देवा' मधला शेवटचा 'देवा' हा मात्र देवनागरी लिपीचा आंतरराष्ट्रीय चार अक्षरी कोड आहे. प्रत्येक लिपीला असा कोड असतो.

ही रीत पहिल्यापासून नव्हती. पूर्वी डेबियनमध्ये पॅकेजच्या नावाची सुरुवात 'टीटीएफ' किंवा 'ओटीएफ' अशी होई, म्हणजे फाइलच्या प्रकाराने. मग मूळ कर्त्याने ट्रूटाइपऐवजी ओपनटाइप फाइल द्यायला सुरुवात केली की नाव खोटं पडे. पॅकेज शोधणाऱ्याला तर अक्षर हवं असतं, आतल्या रेषा कोणत्या गणिताने काढल्या आहेत याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. म्हणून २०११च्या सुमारास सगळ्यांची नावं बदलून पुढे 'फॉन्ट्स' लावण्याचं मोठं काम हाती घेतलं गेलं. जुन्या नावाची रिकामी पॅकेजं काही काळ तशीच ठेवली. जुनं नाव मागितलं की ते नव्याकडे पाठवी, त्यामुळे कुणाचा संगणक मध्येच अडला नाही. मला हा निर्णय फार आवडतो. घर बदललेल्याच्या दारावर जुनी पाटीही काही दिवस ठेवावी, म्हणजे पोस्टमन चुकत नाही.

फेडोराने मात्र शब्दांचा क्रम उलटा घेतला. तिथे 'फॉन्ट्स' शेवटी येतं. आर्च लिनक्स अजूनही 'टीटीएफ', 'ओटीएफ' पुढे लावतं. म्हणजे देजावू नावाचा एकच फॉन्ट तीन ठिकाणी तीन नावांनी मिळतो. गोव्यातल्या माणसाला याचं नवल वाटू नये. मडगाव, मारगांव, मडगांव ही एकाच शहराची नावं आपण रोज ऐकतो आणि रेल्वेच्या तिकिटावर त्याचा कोड 'एमएओ' असा छापलेला वाचतो.

या रेल्वेच्या कोडासारखंच फाइलच्या नावाचं आहे. टेक ही अक्षरजुळणीची प्रणाली डोनाल्ड कनुथ यांनी सत्तरच्या दशकाच्या शेवटी सुरू केली आणि तिच्यासाठी कॉम्प्युटर मॉडर्न हा फॉन्टही स्वतः रचला. त्यातल्या एका फाइलचं नाव 'सीएमआर१०' : कॉम्प्युटर मॉडर्न, रोमन, दहा पॉइंट. पुढे दुसऱ्या ओतशाळांचे शेकडो फॉन्ट टेकमध्ये आले. पण त्या काळी काही संगणकांवर फाइलचं नाव आठ अक्षरांपेक्षा मोठं चालत नसे. कार्ल बेरी यांनी त्या आठ अक्षरांत सगळं बसवणारी पद्धत बांधली. 'पीटीएमआर८टी' यात 'पी' ही ओतशाळा, 'टीएम' म्हणजे टाइम्स, 'आर' म्हणजे साधं सरळ वळण, आणि 'आठ-टी' म्हणजे अक्षरांचा कोणता क्रमतक्ता वापरला आहे ते. न शिकलेल्याला ती गिचमिड वाटेल, पण स्टेशनमास्तरला 'टीएचव्हीएम' म्हटल्याबरोबर थिवी कळतं तसं जुळणाऱ्यांना ते वाचता येई. आज आठ अक्षरांचं बंधन राहिलेलं नाही, तरी ही नावं जिवंत आहेत, कारण जुनी पुस्तकं, प्रबंध, गणिताची मासिकं ज्या फाइलींतून तयार झाली त्यांत तीच लिहिलेली आहेत.

आता फॉन्टच्या पोटातली नावं पाहू. खरी गुंतागुंत इथेच आहे.

फॉन्टच्या फाइलमध्ये नावांचा एक तक्ता असतो. प्रत्येक नावाला क्रमांक असतो. पहिला क्रमांक कुटुंबाच्या नावाचा, दुसरा त्यातल्या प्रकाराचा, चौथा पूर्ण नावाचा, पाचवा आवृत्तीचा, सहावा पोस्टस्क्रिप्ट या छपाईच्या संगणकभाषेसाठीच्या नावाचा, तेरावा परवान्याचा. तुम्ही लिबरऑफिसच्या चौकटीत जे वाचता ते कुटुंबाचं नाव. पीडीएफच्या गुणधर्मांत जे दिसतं ते बहुधा पोस्टस्क्रिप्ट नाव, त्यात मोकळी जागा चालत नाही आणि देवनागरी अक्षरंही चालत नाहीत. कुटुंबाचं नाव मात्र तक्त्यात मराठीतही लिहिता येतं, कोकणीतही. तशी दोन्ही भाषांची वेगळी नोंद आहे. पण फार थोडे फॉन्ट ती भरतात.

कुटुंबाच्या जुन्या नियमात चारच जणांना जागा असे : साधं, ठळक, तिरकं, ठळक-तिरकं. देवनागरीत तिरक्याला तशी परंपरा नाही, पण जाडीच्या छटा लागतात. मुंबईच्या एक टाइपने केलेल्या 'मुक्त' या फॉन्टच्या सात जाड्या आहेत. चारांच्या घरात सात कसे बसवायचे? मग तक्त्याच्या पहिल्या क्रमांकावर 'मुक्त लाइट' असं वेगळंच कुटुंब लिहायचं आणि सोळाव्या क्रमांकावर खरं कुटुंब 'मुक्त'. नवे प्रोग्राम सोळावा क्रमांक वाचतात, जुने पहिलाच वाचतात. म्हणून एका ठिकाणी यादीत एक 'मुक्त' दिसतो, दुसरीकडे पाच-सहा वेगळे. फॉन्ट बिघडलेला नसतो. हाच फॉन्ट आधी 'एक मुक्त' या नावाने मिळत असे. ज्यांच्या फाइलींत ते जुनं नाव लिहिलेलं आहे त्यांना नवा फॉन्ट बसवूनही 'फॉन्ट सापडला नाही' असंच दिसणार, कारण संगणकाच्या लेखी 'एक मुक्त' आणि 'मुक्त' यांचा काही संबंध नाही.

फॉन्टचं नाव हा पत्ता आहे. मूळ दस्तऐवज सहसा अक्षरं सोबत घेऊन फिरत नाही, फक्त पत्ता घेऊन फिरतो, आणि त्या पत्त्यावर कोण राहतं यावर त्याची पानं ठरतात. माझी नऊ पानं झाली ती त्यामुळेच.

हे कनुथना फार लवकर कळलं होतं. त्यांनी अट घातली, की कॉम्प्युटर मॉडर्नमध्ये हवे ते बदल करा, पण मग त्याला वेगळं नाव द्या. चाळीस वर्षांनी कुणी 'सीएमआर१०' मागितला तर त्याला तीच रुंदी, तीच ओळ, तेच पान मिळायला हवं. हाच विचार पुढे एसआयएलच्या ओपन फॉन्ट परवान्यात आला. त्याची १.१ ही आवृत्ती २००७ची. त्याखाली फॉन्ट वापरता येतो, वाटता येतो, बदलता येतो, सॉफ्टवेअरबरोबर देता येतो. नुसता फॉन्ट सुटा विकायचा मात्र नाही. आणि मूळ कर्त्याने एखादं नाव राखून ठेवलं असेल, तर बदललेल्या फॉन्टला ते नाव त्याच्या परवानगीशिवाय लावता येत नाही.

एखाद्याला वाटेल, की परवान्याला मुक्त म्हणायचं आणि नावावर हक्क सांगायचा, हे कसं? डेबियनच्या स्वतःच्या नियमांनी याला जागा दिली आहे. बदललेल्या गोष्टीला दुसरं नाव ठेवा, ही अट मान्य आहे. मला ती न्याय्यच वाटते. मी आईच्या हातच्या पाककृतीत मीठ कमीजास्त केलं तर ती माझी पाककृती, आईची नव्हे. देजावूचा जन्म असाच झाला. २००३ साली बिटस्ट्रीम या ओतशाळेने व्हेरा नावाचे फॉन्ट मोकळे केले, पण बदललेल्या प्रतीला बिटस्ट्रीम किंवा व्हेरा हे शब्द लावायचे नाहीत, असं परवान्यात लिहिलं. ज्यांना त्यात आणखी लिप्या घालायच्या होत्या त्यांनी नवं नाव घेतलं, आणि आज मूळ व्हेरापेक्षा देजावूच जास्त ठिकाणी दिसतो.

पॅकेज करणाऱ्याच्या डोक्याला खरा ताप इथे असतो. समजा त्याने फॉन्टमधली एक चूक दुरुस्त केली, जसं आमच्या ऱ्याची. नाव राखीव असेल तर ती दुरुस्ती तशीच वितरणात घालता येत नाही. म्हणून चांगला पॅकेज करणारा आधी मूळ कर्त्याला लिहितो, दुरुस्ती त्याच्याकडे पाठवतो, त्याने नवी आवृत्ती काढली की ती घेतो. याला महिने लागतात. पण मग ती दुरुस्ती सगळ्यांना मिळते आणि नावाचा पत्ता खरा राहतो.

काही फॉन्ट तर पॅकेजमध्ये घालताच येत नाहीत. मायक्रोसॉफ्टने १९९६ पासून एरियल, टाइम्स न्यू रोमन वगैरे फॉन्ट वेबसाठी फुकट उतरवू दिले आणि २००२ मध्ये ती सोय बंद केली. परवाना सांगतो की वाटायचे तर मूळ गठ्ठा जसाच्या तसा वाटा. म्हणून डेबियनमधल्या त्या पॅकेजमध्ये फॉन्टच नाही. ते तुमच्या संगणकावर आल्यावर मूळ गठ्ठा जालावरून आणतं आणि तुमच्यासमोर सोडतं. दुसरा मार्ग रेड हॅट या लिनक्सच्या कंपनीने २००७ मध्ये काढला : लिबरेशन हे फॉन्ट. त्यांतल्या प्रत्येक अक्षराची रुंदी एरियल, टाइम्स न्यू रोमन, कुरिअर न्यू यांच्या अक्षरांइतकीच आहे. आकार थोडे निराळे, नाव पूर्ण निराळं, पण ओळ त्याच शब्दावर मोडते. मग फॉन्टकॉन्फिग नावाचा प्रोग्राम मधे बसतो. लिनक्सवर फॉन्ट शोधून देण्याचं काम त्याचं. दस्तऐवजाने एरियल मागितला आणि तो संगणकावर नसला, तर आपल्या यादीत पाहून तो लिबरेशन सान्स देतो. नाव वेगळं आहे हे तो लपवत नाही. त्याला विचारलं तर कुणाच्या जागी कुणाला पाठवलं ते सांगतो.

आता आपल्या लिपीकडे. देवनागरीचे खिळे करायचे म्हणजे काय, हे गोव्याने सर्वांत आधी अनुभवलं. १५५६ मध्ये भारतातला पहिला छापखाना इथे, जुन्या गोव्याच्या सेंट पॉल कॉलेजात, उभा राहिला. थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याने १६०८ मध्ये आपल्या वरिष्ठांना पत्र लिहून इथल्या लिपीचे साचे पाडायची परवानगी मागितली. त्याने लिहिलं, की या अक्षरांचे साचे सहाशे होतात, तर आपली अक्षरं चोवीसच. ते खिळे झाले नाहीत. त्याचं मराठी ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये राशोलला छापलं गेलं ते रोमन लिपीत.

त्या सहाशेंचा प्रश्न आज फॉन्टच्या आत सुटतो. युनिकोड या जागतिक अक्षरसंकेतात मूळ अक्षरं थोडी, आणि कोणती अक्षरं एकत्र आली की कोणता आकार काढायचा याचे नियम फॉन्टमध्ये. ऱ्या ही त्या नियमाचीच करामत : नुक्त्याचा ऱ, हलन्त आणि य एकत्र आले की पापणी काढायची. हा नियम जुन्या आवृत्तीत नव्हता, म्हणून आमचे गावकरी मोडले.

शिवाय एकाच लिपीत भाषेप्रमाणे वळण बदलतं. आपला पाकळीचा ल आणि देठाचा श हिंदीच्या छपाईत वेगळे दिसतात. पूर्वी यावर उपाय म्हणून लोहितचे लोहित हिंदी, लोहित मराठी, लोहित कोंकणी, लोहित नेपाळी असे वेगवेगळे फॉन्ट होते. नावं वेगळी, फाइली वेगळ्या, आणि बहुतेक अक्षरं सारखीच. पुढे लोहित देवनागरी हा एकच फॉन्ट धरून चालायचं ठरलं. ओपनटाइपमध्ये मराठी आणि कोकणी दोन्हींना स्वतःची खूण आहे. मजकुराची भाषा मराठी लावली की मराठी वळण, हिंदी लावली की हिंदी वळण, अशी सोय फॉन्टकर्त्याला करून ठेवता येते. तेव्हा ल परका दिसला तर फॉन्ट बदलण्याआधी मजकुराची भाषा काय लावली आहे ते पाहा. आमच्या स्मरणिकेत अध्यक्षांचं मनोगत मराठीत, नाटकाची ओळख कोकणीत असते. दोन्हींना वेगळी भाषा लावायची सवय मी आता करून घेतली आहे.

पुस्तकं जुळवणाऱ्यांसाठी आणखी एक अडचण आहे, ती सांगायलाच हवी. टेकचं वितरण स्वतःबरोबर खूप फॉन्ट आणतं. आयआयटी मुंबईत तयार झालेला शोभिका हा संस्कृत-मराठीसाठीचा सुंदर फॉन्टही त्यात आहे. पण टेक फॉन्ट शोधतं फाइलच्या नावाने, आपल्या स्वतःच्या कपाटात. बाकीचे प्रोग्राम फॉन्टकॉन्फिगला विचारतात, ते कुटुंबाच्या नावाने, यूएसआर-शेअर-फॉन्ट्स या कपाटात. झीटेक या टेकच्या नव्या रूपाला दोन्ही वाटा येतात. एकच फॉन्ट दोन्ही कपाटांत, वेगवेगळ्या आवृत्तीचा असला तर कुठला लागेल, हे वाटेवर अवलंबून राहतं. डेबियनने यासाठी एक पॅकेजच केलं आहे. त्यात फॉन्ट नाहीत, फक्त दुवे आहेत. टेकच्या कपाटात हात घातला की तो दुवा दुसऱ्या कपाटातल्या त्याच एका प्रतीपाशी नेतो. प्रत एकच, दारं दोन. असं काम कुणाला दिसत नाही, पण ते झालं नाही तर पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीत पानं सरकतात.

तुमच्या संगणकावर काय आहे ते पाहायचं तर टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, 'एफसी-लिस्ट' ही आज्ञा द्या. सगळ्या फॉन्टची फाइल, कुटुंब आणि प्रकार दिसतील. भाषेचा कोड लावून फक्त मराठीचे किंवा फक्त कोकणीचेही मागता येतात. एकच कुटुंब दोन वेगळ्या फोल्डरांत दिसलं, तर तिथे माझ्यासारखी नऊ पानं व्हायची शक्यता आहे. एक प्रत बहुधा तुमच्याच घरच्या फोल्डरमध्ये असते, कधीतरी मित्राकडून आणलेली. ती काढा, पॅकेजची ठेवा, आणि मग 'एफसी-कॅश' चालवा, म्हणजे फॉन्टची यादी ताजी होईल. 'एफसी-मॅच' ला नाव दिलं की त्या नावाच्या बदल्यात प्रत्यक्ष कोणता फॉन्ट मिळणार ते कळतं. छापायला देण्याआधी हे एकदा विचारून घ्यायला अर्धा मिनिटही लागत नाही.

त्या रात्री छापखान्यात आम्ही जुनी प्रत काढली, माझ्या पेनड्राइव्हवरची नवी घातली, पानं आठ झाली आणि पापणी परत आली. यंदापासून स्मरणिकेच्या मागच्या पानावर, मुद्रकाच्या नावाखाली, मी फॉन्टचं नाव आणि त्याच्या आवृत्तीचा आकडा छापतो. जाहिरात वाढलीच, तर फाइलसोबत फॉन्टही त्याच्या परवान्याच्या कागदासकट पाठवतो.